ज्याचं झालं त्यानं उठायचं

मागून कुणीतरी मनगट घट्ट धरलं, तेव्हा थोरली अपूर्णांकात इतकी बुडालेली होती की ते मनगट आपलं आहे हे तिच्या आधी ध्यानातच आलं नाही. दोन्ही हात पाठीमागे, बोटांत बोटं अडकवलेली, अशी ती बटणच्या बाकाशेजारी उकिडवी बसली होती आणि हळू आवाजात विचारत होती, "अगं, दोघांनाही चालेल असा आकडा कुठला? तिनालाही आणि चारालाही?" बटण ओठ मुडपून विचार करत होती. उत्तर अगदी तोंडाशी आलं होतं; शिंक यायच्या आधी माणसाचा चेहरा होतो तसा तिचा चेहरा झाला होता. नेमकं तेव्हाच चष्मेवाल्या सरांनी थोरलीचे हात पुढे ओढले, मुठी सोडवल्या आणि तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "चिठ्ठी कुठंय?" ते म्हणाले. कसली चिठ्ठी? तळहातावर शाईचा एक डाग होता, तोही सकाळचा. सरांनी बाकाखाली वाकून पाहिलं, बटणची कंपासपेटी उपडी केली. अख्ख्या हॉलने माना वळवल्या होत्या. मग सरांनी बटणचा पेपर उचलला, मागे जाऊन थोरलीच्या बाकावर नीट पालथा घालून ठेवलेला तिचा पेपरही उचलला, आणि म्हणाले, "कॉपी." कुणी केली, असा प्रश्न थोरलीच्या मनात खरोखरच आला. तिने मागे वळून बघितलंसुद्धा.

मोठ्या मॅडमच्या खोलीबाहेर एक लांबलचक बाक होता. त्यावर दोघींना बसवण्यात आलं. इथे बाई म्हटलेलं चालत नसे, मॅडम म्हणावं लागे. आणि मॅडम पुष्कळ असल्यामुळे मोठ्या, गणिताच्या, खेळाच्या अशा त्या ओळखाव्या लागत. फरशीला नुकत्याच पुसलेल्या फिनेलचा वास येत होता. बटण टाचा बाकाच्या पायावर आपटत होती. तिचे पाय जमिनीला पोचत नसत. अकरा वर्षांची झाली तरी अंगाने एवढीशी, तोंड गोल आणि त्यात दोन काळेभोर डोळे, म्हणून ती बटण. जुन्या शाळेतल्या कुणीतरी हे नाव पाडलं आणि ते तिला इतकं बसलं की तिची आईसुद्धा चिडल्यावर तेच वापरू लागली. थोरली थोरली झाली ती मात्र ओळीने वरचे सगळे गळून गेल्यामुळे. आधी दहावी बंद पडली, मग नववी, आणि एका उन्हाळ्यानंतर ती वर्गात आली तर तिच्याहून उंच कुणी उरलंच नव्हतं. तेरा वर्षांच्या मुलीला एखादं पद मिळावं तर असं. "आता तू थोरली गं," तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून तिला वाकून चालायची सवय लागली, कारण धाकट्यांशी बोलायचं तर मान खाली घालावीच लागते.

जुनी शाळा म्हणजे शेवटी शेवटी एक खोलीच होती. बाकीच्या खोल्यांना कुलपं होती आणि एका कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मुलं कमी म्हणून नवे शिक्षक मिळत नसत, शिक्षक नाहीत म्हणून मुलं कमी होत. ज्यांच्या आईबापांना जमलं त्यांनी पोरांना दुसरीकडे घातलं, आणि जमलं नाही ते म्हणाले, आमची बाई चांगली आहे. बाई चांगलीच होती, पण एकटी होती. समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे होते, म्हणून सहावी आणि आठवी एकमेकींकडे पाठ करून बसत. सातवीला फळा नव्हता. सातवीचं गणित बाई कपाटाच्या दारांवर लिहीत, आणि मध्येच खडू संपला की कपाट उघडावं लागे. मग अर्धं गणित एका दारावर आणि अर्धं दुसऱ्यावर, अशी सातवीची फाळणी व्हायची आणि सगळा वर्ग हसायचा. बाई मात्र हसत नसत. त्यांना एकाच वेळी तीन ठिकाणी असावं लागे, आणि देवालाही ते सगळीकडे जमतं असं दिसत नाही. मग त्यांनी नियम काढला. ज्याचं झालं त्यानं उठायचं. आपला कागद पालथा घालायचा आणि ज्याचं झालेलं नाही त्याच्याजवळ जाऊन बसायचं, मग तो कुठल्याही इयत्तेचा असो. उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं. आणि हात मागे. "हात पुढे आला की तो पेन्सिल हिसकावून घेतो," बाई म्हणत, "आणि मग तुझंच गणित दोनदा होतं, त्याचं एकदाही होत नाही." हात मागे बांधून एखाद्याला अपूर्णांक समजावून बघा म्हणजे कळेल. जीव कासावीस होतो. बोटं वळवळतात. पण त्यामुळेच थोरलीला कळलं होतं की माणसाला अडतं ते तो थांबतो तिथे नसतं, त्याच्या एक पायरी आधी असतं. आणि ती पायरी शोधायला नुसते डोळे आणि तोंड पुरतं.

तेव्हा आज तिने काही ठरवून केलं नव्हतं. पेपर झाला, तिने तो पालथा घातला, आणि पाय आपोआप उठले. वार्षिक परीक्षेला जुन्या शाळेतही कुणी उठत नसे, एवढं तिला कळत होतं. पण ही परीक्षा आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं. "घाबरू नका," चष्मेवाले सर सकाळी म्हणाले होते, "कुणाला किती येतं ते फक्त बघायचंय." आता बाकावर बसल्यावर तिला ते वाक्य आठवलं. फक्त बघायचंय! हॉलमध्ये सगळे बंद शाळेचेच होते, आणि त्यांना आपापल्या इयत्तेत बसवायचं की एक वर्ष खाली, हे त्या कागदावर ठरणार होतं. ते पेपर वाटून झाल्यावर कुणीतरी कुजबुजलं होतं. या शाळेत येऊन त्यांना काही आठवडे झाले होते आणि एवढ्या दिवसांत त्यांना कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. एका बाकावर तिघं, वर्गात मान वळवायला जागा नाही, आणि हजेरीच्या वेळी 'बंदवाले' म्हणून वेगळी हाक. आधी तिला ते नाव विनोदी वाटलं होतं. नंतर एकदा जिन्यात तिने ते मागून ऐकलं आणि कान तापले.

"माझी आई मला बसवणार घरी," बटण म्हणाली. टाचा आपटणं थांबलं होतं.

"कशाला बसवेल?"

"ती म्हणाली ना. खाली टाकलं तर एक वर्ष फुकट. मग बाळाला कोण बघेल, तर तू बघ. ती कामाला जाणार." बटण हे असं सांगत होती जणू शेजारच्या कुणाची तरी गोष्ट आहे. "सहावीतच ठेवलं तर शिक म्हणाली."

थोरलीला बटणची आई माहीत होती. दुष्ट बाई नव्हे. दमलेली बाई, आणि दमलेल्या माणसाचा हिशेब सरळ असतो. जुन्या वर्गातला सातवीचा एक मुलगा असाच एका सोमवारी यायचा थांबला होता. नवी शाळा लांब पडते म्हणाला, आता गॅरेजात असतो, रस्त्यात दिसला तर हात पुसत पुसत दुसरीकडे बघतो. मोठ्यांच्या भाषेत शाळा बंद होते, आणि मुलं 'सामावून घेतली' जातात. सामावून घेणं म्हणजे काय, हे थोरलीला त्या मुलाच्या पाठीवरून कळलं होतं. तिला अचानक बाईंचा राग आला. त्यांची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला झाली होती, आणि जाताना त्या सगळ्यांना म्हणाल्या होत्या, जिथे जाल तिथे शहाण्यासारखं वागा. शहाण्यासारखं म्हणजे कसं ते त्यांनी सांगायला हवं होतं. इथे शहाणपणाला कॉपी म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं काय? की माहीत असूनही त्या बोलल्या नाहीत? आणि लगेच तिला त्या रागाचीच लाज वाटली, कारण बोलताना बाईंचा आवाज बसला होता, आणि नेहमीसारखा खडूने नव्हे.

दार उघडलं. "मोठी आधी," सर म्हणाले.

मोठ्या मॅडम खुर्चीत रेलून बसल्या होत्या, आणि त्यांचा चहा समोर साय धरून थंड झाला होता. आतल्या बाजूला काचेची भिंत होती, पलीकडे कारकुनाची खोली. टेबलावर दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले होते. थोरलीने आपला पेपर लांबूनच ओळखला आणि तिला वाटलं, आपल्याला उघडं करून टेबलावर ठेवलंय.

"तुझा पेपर मी बघितला," मॅडम म्हणाल्या. "चांगला आहे. खरं सांगू, आमच्या आठवीतल्या कितीतरी जणांपेक्षा चांगला आहे. मग तुला हे नसते उद्योग कुणी सांगितले होते?"

"मी तिला शिकवत होते."

"परीक्षेत?"

"सर म्हणाले, परीक्षा नाही."

सरांनी खाकरून खिडकीबाहेर बघितलं. मॅडमनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं, आणि थोरलीला वाटलं, यांना हसू येतंय; पण त्या हसल्या नाहीत. "हे बघ, बाळा," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे तुमच्यासारखी एका वेळी इतकी मुलं येऊन पडली आहेत की मला सगळ्यांचे चेहरेही पाठ नाहीत. उद्या लोक म्हणतील, बंदवाल्यांना नक्कल करू देऊन वरच्या वर्गात घेतलं. दोन्ही पेपर रद्द करायचे, असा नियम आहे. पण तुझं वर्ष वाया जावं असं मला वाटत नाही. तू एवढंच म्हण, की तिनं तुला बोलावलं. तिनं बोलावलं आणि तू भाबडेपणानं गेलीस. मग तुझा पेपर धरता येईल."

"आणि तिचा?"

"ती लहान आहे. तिचं काय, एक वर्ष."

थोरलीच्या मनात काय नाही आलं! आठवीचा वर्ग आला, खिडकीजवळची जागा आली, आई आली, कारखान्यात दिवसभर कॉलर शिवून आल्यावर बोटं गरम पाण्यात बुडवून बसलेली आणि म्हणणारी, हात दाखवून अवलक्षण करायला तुला कुणी सांगितलं होतं गं? एक वाक्य होतं. तेही मोठं नव्हे. मॅडमनी ते तयार करून, घडी घालून हातात दिलं होतं, फक्त तोंडाने म्हणायचं. आणि तिच्या लक्षात आलं की तिला तसं म्हणावंसं वाटतंय. हे कळल्यावर ती घाबरली. ती काही थोर वगैरे नव्हती, उंच होती फक्त. तिने तोंड उघडलं, आणि त्यातून काय बाहेर पडलं असतं ते तिला पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही, कारण तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि बटण आत आली.

"मी बोलावलं तिला," बटण म्हणाली. दाराला कान लावून सगळं ऐकलं असणार. चेहरा लालबुंद. "मीच बोलावलं. मला येत नव्हतं म्हणून. तिला काही करू नका."

थोरलीला एकदम इतका संताप आला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. एवढीशी पोर! दाराबाहेर उभं राहून, घरी बसायचं, बाळ सांभाळायचं, सगळं कबूल करून आत आली होती, आणि आपण इथे तयार वाक्य तोंडात घोळवत उभे होतो. "खोटं बोलू नकोस गं," ती ओरडलीच. मग आवाज खाली आणून मॅडमना म्हणाली, "तिनं नाही बोलावलं. मी उठले. आमच्याकडे ज्याचं झालं तो उठतो. हात मागं ठेवायचे असतात, म्हणून ठेवले, सरांना वाटलं चिठ्ठी. तिला उत्तर सांगितलं नाही मी. बारा हा आकडा माझ्या तोंडातून आला असेल तर खुशाल रद्द करा." एवढं सगळं बोलल्यावर तिला उरलेलंही बोलता आलं. "दोघींची परत घ्या. आत्ताच घ्या. वेगळं बसवा, दुसरे आकडे द्या."

"आत्ता शाळा सुटेल," सर म्हणाले.

"आम्ही थांबतो."

"मला घरी जायचंय," सर म्हणाले, आणि ते इतक्या केविलवाण्या खरेपणाने म्हणाले की कुणालाच त्यांचा राग आला नाही.

"तुम्ही जा, सर," मोठ्या मॅडम म्हणाल्या. त्यांनी थंड चहाचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप दूर सारला. "या दोघी काही हलणार नाहीत. मी घेते."

शाळा सुटली. जिन्यांतून मुलांचा लोंढा धडधडत खाली गेला आणि मग इमारत अशी रिकामी झाली की कुठेतरी नळ टपकतोय तेही ऐकू यावं. मॅडमनी स्वतः दोन कागदांवर गणितं लिहिली. थोरलीला कारकुनाच्या खोलीत बसवलं, बटणला आपल्याच टेबलाच्या टोकाला, खुर्चीवर जाड फायलींचा गठ्ठा ठेवून, कारण नाहीतर तिची हनुवटीच टेबलावर टेकली असती. मध्ये काच. थोरलीची गणितं अवघड होती, पण अवघड गणितात एक बरं असतं, ते तुम्हाला दुसरीकडे बघू देत नाही. शेवटचं झालं. तिने कागद पालथा घातला, आणि पाय उठू लागले. तिने दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

काचेपलीकडे बटण अडली होती. अपूर्णांकापाशीच, दुसरं काय. तिथे तिचं घोडं नेहमी पेंड खायचं. दोन पंचमांश आणि अर्धा, हे नंतर कळलं. थोरलीला इथून आकडे दिसत नव्हते, पण वाकलेली मान आणि खोडरबर दाबून धरलेली बोटं पाहून कळत होतं की ती नुसत्याच वरच्या आकड्यांची बेरीज करून मोकळी झाली आहे, आणि हे बरोबर नाही एवढंच तिला कळतंय, पुढचं कळत नाहीये. एक प्रश्न. एकच प्रश्न पुरला असता. जिभेवर तो इतका तयार होता की थोरलीने दात मिटले. मग बटणने मान वर केली आणि काचेतून सरळ तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत सवय होती, दुसरं काही नाही. इतकी वर्षं अडलं की मान वर करायची, आणि कुणीतरी आधीच उठलेलं असायचं. आता या मोठ्या शाळेत कुणी उठणार नव्हतं. आठवी वरच्या मजल्यावर, सहावी खालच्या, मध्ये जिने आणि घंटा आणि रागावणारी माणसं. आज आपण इथून ओठ नुसते हलवले तरी तिला कळेल, आणि सोमवारी? त्यानंतरच्या सोमवारी? थोरलीला रडू आलं. ते तिने गिळलं. आणि मग तिने खुर्ची उचलली, आवाज न करता उलटी फिरवली, आणि काचेकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली.

भिंतीवर रंगाचा पोपडा निघाला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो कुठल्याही देशाच्या नकाशासारखा दिसत नव्हता, नुसता पोपडाच होता. पाठीला डोळे नसतात ही किती वाईट गोष्ट आहे, असं तिला वाटलं. आपण हे चांगलं केलं की दुष्टपणा, हेही तिला कळेना. बटणला वाटेल, थोरली रागावली. वाटू दे. बाई तीन वर्गांच्या मध्ये उभ्या असत तेव्हा कुणातरी दोघांकडे त्यांची पाठ असायचीच, आणि आपल्याला त्या पाठीचा कधी राग आला नाही. पण बाईंना मागच्यांचं काय वाटत असेल, हे आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं. वेळ जात होता. एकदा मॅडमच्या फोनची घंटा वाजली आणि त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "मला उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या." मग पुन्हा काही नाही. थोरलीने बोटांत बोटं इतकी घट्ट अडकवली की नखं रुतली.

मग पलीकडे काहीतरी धप्पकन पडलं. फायलींचा गठ्ठा घसरला होता. "अगं, अगं, कुठं निघालीस?" मॅडमचा आवाज आला. "बस खाली."

"झालं माझं," बटण म्हणाली.

थोरली तरीही वळली नाही. मॅडमनी तिला हाक मारली तेव्हाच ती उठली. मॅडमच्या हातात लाल पेन होतं आणि चष्मा कपाळावर चढवलेला होता. "तुझं मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या आणि तिचा कागद न बघताच बाजूला ठेवला. बटणच्या कागदावर त्यांनी पेन फिरवायला सुरुवात केली. एक चूक निघाली, मग आणखी एक. दोन पंचमांश आणि अर्धा यांच्यापाशी खोडूनखोडून कागदाला भोक पडलं होतं. त्या भोकाच्या शेजारी, जागा नव्हती म्हणून तिरपं, नऊ दशांश लिहिलेलं होतं. मॅडमनी तिथे बराच वेळ पेन धरून ठेवलं.

"कच्ची आहेस," त्या बटणला म्हणाल्या. "पण सहावीत कच्ची आहेस. पाचवीत नाही." मग थोरलीकडे वळून म्हणाल्या, "आणि तू. परीक्षेत पुन्हा उठलीस तर बघ."

"परीक्षेत नाही उठणार," थोरली म्हणाली.

मॅडमनी त्या उत्तरातलं न बोललेलं नीट ऐकलं. "आता पळा," त्या म्हणाल्या. "मलाही घर आहे."

रस्त्यावर दिवे लागायच्या बेतात होते. बटण सगळ्या वाटेवर बोलत होती: गठ्ठा कसा घसरला, मॅडमच्या टेबलाखाली त्यांच्या चपला कशा काढून ठेवलेल्या दिसत होत्या. काचेबद्दल मात्र तिने अवाक्षर काढलं नाही, आणि थोरलीने विचारलं नाही. चौक ओलांडताना बटणने नेहमीसारखा हात धरला नाही. थोरलीला ते लागलं. लागू दे, असं तिने स्वतःला सांगितलं, पण लागलंच.

बटणची आई दारातच उभी होती, कडेवर बाळ, बाळाच्या तोंडात तिच्या ओढणीचं टोक. उशीर झाला म्हणून आधी एक शिवी आली, मग बटणचा चेहरा बघून ती थांबली. "काय झालं? टाकलं ना खाली? मला वाटलंच होतं."

"सहावीतच ठेवलंय," थोरली म्हणाली.

आईने बाळाच्या तोंडातून ओढणी काढली. सगळं ठरवून बसलेल्या माणसाला चांगली बातमीही जड जाते. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं. कामासाठी तिने कुणाला तरी शब्द दिला असावा. "बघू," ती शेवटी म्हणाली. "लांब आहे शाळा. मोठे रस्ते आहेत. बघू काय जमतं ते."

'बघू' थोरलीला चांगलं ठाऊक होतं. जुनी शाळा राहणार का, असं विचारलं की सगळी मोठी माणसं हेच म्हणत आली होती, दोन वर्षं, अगदी कुलूप लागलं त्या दिवसापर्यंत.

"बघू नाही, मावशी," ती म्हणाली. "मी न्यायला येईन तिला. सोमवारी. रोज येईन. आणि घरी आणून सोडेन. तिला येतं सगळं. आज मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, तरी तिला आलं."

बटणने एकदम मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

बाळ रडू लागलं. आईने त्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, घराच्या आत, मग रस्त्याकडे, मग पुन्हा या उंच, वाकून उभ्या राहिलेल्या पोरीकडे बघितलं.

"किती वाजता येशील?" ती म्हणाली.